तांबडा रंग संपला नव्हता

माझ्या कपाटात वरच्या फळीवर तांबड्या रांगोळीचा एक डबा आहे. निम्म्याहून जास्त भरलेला. सहा वर्षं मी तो उघडलेला नाही आणि टाकूनही दिलेला नाही. दर दिवाळीला बायको विचारते, "हा काढू का वापरायला?" मी म्हणतो, "राहू दे, ओल गेलीय त्यात." तेही खरं नाही. त्या डब्याबद्दल मी कुणापाशी खरं बोललो नव्हतो. परवा एका बाईपाशी बोललो. उरलेल्यांना सांगायचं राहिलंय, म्हणून हे लिहितोय.

मी बारामतीत चित्रकला शिकवतो. मूळचा कऱ्हाटीचा. शाळेबाहेर माझी थोडीफार ओळख आहे ती व्यक्तिचित्रांच्या रांगोळीमुळे. फरशीवर खडूनं चौकटी आखायच्या, फोटोवरून रेघा घ्यायच्या आणि चिमटीनं रंग सोडत माणसाचा चेहरा उभा करायचा. पंखे बंद, खिडक्या बंद. घामाचा एक थेंब पडला तर गाल बिघडतो.

सहा वर्षांमागं आमच्या कलाप्रेमी मंडळानं तीन दिवसांचं प्रदर्शन ठरवलं. एसटी स्टँडवर, स्टेशनावर झोपणाऱ्या माणसांसाठी गावात एक निवारा काढायचा होता. एका गृहस्थानं जुनं गोदाम देऊ केलं होतं. कॉटा, दारं, न्हाणीघर करायला लोकांची मदत हवी होती. सहा कलाकारांनी सहा मोठ्या रांगोळ्या काढायच्या, संध्याकाळी मुलींची गाणी, असा बेत. अध्यक्ष म्हणजे आमचे तात्या, निवृत्त मुख्याध्यापक. ते मला म्हणाले, "मास्तर, तुमची रांगोळी मधोमध. खऱ्या बेघर माणसाची. बघणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे."

मी भिगवणला गेलो. स्टेशनाच्या फलाटावर एक बाई बसते, असं कुणी सांगितलं होतं. पन्नाशीची असेल. अंगावर पातळ विटलेलं, पण नीट नेसलेलं. आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. स्टेशनाबाहेर लावलेल्या मोटरसायकलींच्या आरशात बघून ती ते रोज सकाळी लावायची. गाडीवाले हसायचे. एक जण माझ्यादेखत म्हणाला, "काय मावशी, आज कुठं लग्नाला?"

"तुज्याच की," ती म्हणाली. "पर नवरी पळून गेली म्हनं."

तिची गोष्ट एवढीच होती. नवरा-बायको ऊस तोडायला सोमेश्वरनगरला यायचे. ऊसतोडीत जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा दोघं गावाकडं जायला भिगवणला आली. नवरा म्हणाला, "हितंच बस, आलोच." तो आला नाही. त्याला तेव्हा चार वर्षं होऊन गेली होती.

"गावाकडं का नाही गेलात?" मी विचारलं.

"जाऊन काय सांगू? आन त्यो हितं आला तर?"

फोटो काढू देईना. मी प्रदर्शनाचं सांगितलं, निवाऱ्याचं सांगितलं, तरी नाही. मग तिनंच विचारलं, "ह्यो फोटू बारामतीत समद्यास्नी दिसंल?"

"दिसेल. पेपरातही येईल कदाचित."

"मंग काढा. त्याच्या नदरंला पडला तर यील." आणि पदर सारखा करून ती ताठ बसली. "नाक नीट काढा हां मास्तर. वळखाया पायजे त्यानं."

मी व्हय म्हणालो. हा माझा तिला दिलेला शब्द होता.

मंगल कार्यालयाच्या दालनात दोन दिवस मी गुडघ्यांवर होतो. नाक नीट आलं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवरचं गोंदण, सगळं आलं. शेवटी कुंकू भरलं. मग शिडीवर चढून वरून पाहिलं.

बाई सुखवस्तू दिसत होती. म्हणजे कशी, तर हळदीकुंकवाला निघालेली. नजर थेट त्या तांबड्या गोलावर जायची आणि तिथंच थांबायची. डोळ्यातली वाट बघणं कुणाला दिसणार नव्हतं. तात्या खाली उभे होते. ते कुंकवाबद्दल काही बोलले नाहीत, हे मला नीट लिहून ठेवायचंय. पुढं माझ्या मनानं कितीदा तरी तो दोष त्यांच्यावर टाकायचा प्रयत्न केला. ते एवढंच म्हणाले, "छान झालंय," आणि चहाला गेले.

मी शिडीवरून उतरलो. कातडीच्या रंगाची वाटी घेतली आणि कुंकवावर सात-आठ चिमट्या सोडल्या. पुन्हा वर चढलो. आता पोटात कालवत होतं. इतकं सोपं होतं ते.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी रांगोळीच्या डोक्याशी समई लावली, भोवती शेवंतीची फुलं ठेवली. उद्घाटन म्हटलं की समई आलीच. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दालनात येणारी माणसं पायताण बाहेर काढायची आणि त्या चेहऱ्यासमोर हात जोडून उभी राहायची. बायका डोळे पुसायच्या. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला न सांगता भिगवणला जीप धाडली आणि तिला आणवलं. लोकांपुढं आणून सगळ्यांना चकित करायचं होतं. मी दारातच तिला पाहिलं. ती लगबगीनं आत आली. कुंकू ताजं होतं. गर्दीनं वाट करून दिली. ती रांगोळीपुढं उभी राहिली. समई, फुलं, हात जोडलेली माणसं, आणि खाली तिचा स्वतःचा चेहरा.

बराच वेळ ती बघत राहिली. मग मला शोधून काढलं आणि हळूच म्हणाली, "मास्तर, कुकू?"

मी म्हणालो, "तांबडा रंग संपला, मावशी."

शेजारच्याच रांगोळीत एका म्हाताऱ्याचा फेटा होता. लालभडक. तिनं फेट्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मी नजर खाली घातली.

आमच्याकडं मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नाही. माझे वडील दवाखान्यात वारले तेव्हा कऱ्हाटीला जाऊन मीच आईला म्हणालो होतो, "तब्येत जरा जास्त झालीय, चल." आईनं वाटेत एक शब्द विचारला नाही. तिला कळलं होतं. आपल्याकडं सगळ्यांनाच कळतं. सांगणाऱ्याचं खोटं जितकं लंगडं, तितकी बातमी पक्की.

तिनंही तेच केलं. माझं खोटं तिनं माझी माया समजली. शिकलेली माणसं, फोटो सगळीकडं फिरलेला, ह्यांना कुठून तरी कळलं असणार आणि तोंडानं सांगवत नाही, असं तिनं धरलं. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सगळ्यांदेखत कपाळ पुसलं. मग खाली बसली. फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली.

मला तेव्हा दोन पावलं पुढं व्हायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, मावशी, मला काही माहीत नाही, मी उगीच झाकलंय. माणसं रडत होती. तात्यांनी माझा दंड धरला होता. "मास्तर, काय काम केलंत!" ते पुटपुटत होते.

आमच्यात रीत अशी, की ज्यानं रांगोळी काढली त्यानंच ती मोडायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मी केरसुणी घेतली. हनुवटी गेली, गाल गेले. कपाळावरून केरसुणी फिरवली तर खालून तांबडं वर आलं. एक लांब फराटा उठला, पार दाराच्या दिशेनं. झाडणारी बाई म्हणाली, "अगं बया! ह्ये कुठनं आलं?" मी फरशी दोनदा पुसली. अजूनही शाळेत फळा पुसताना मला मधेच तो फराटा दिसतो. पोरांना वाटतं, सर काहीतरी विसरले.

निवारा झाला. कुंकू पुसतानाच्या तिच्या फोटोनंच झाला, असं तात्या भाषणात सांगतात. तिलाही तिथं कॉट मिळाली. दर वर्धापनदिनाला मला बोलावून शाल-नारळ देतात, आणि ती समोर बसलेली असते, मोकळ्या कपाळानं. तिथली काळजीवाहू मुलगी तिला म्हणायची, "आजी, आता सगळ्याच लावतात की. लावा तुम्ही पण टिकली." ती नुसती मान हलवायची. मी गेलो की मात्र तिच्या तोंडावर फार आदर असायचा. "जेवलासा का मास्तर?" वाईट बातमी हळुवारपणे पोचवणाऱ्या माणसाला जसं वागवतात, तसं ती मला वागवायची. मला ते सोसायचं नाही. मी घड्याळ बघत उठायचो.

यंदाच्या वर्धापनदिनासाठी तात्या म्हणाले, "तीच बाई परत काढा. आता हसरी."

मी पुढच्या रविवारी भिगवणला गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. फलाटावर तिची जागा रिकामी होती. चहावाला सहा वर्षांमागचाच होता, आता पिकलेला. मी विचारलं, "इथं मोठ्या कुंकवाची एक बाई बसायची. आठवते का?"

त्यानं किटली खाली ठेवली. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझेही केस आता पांढरे झालेत. "तुमी मालक का तिचं?"

मला लगेच नाही म्हणता आलं नाही.

"लई उशीर केलासा, आबा," तो म्हणाला. "चार वरीस वाट बगितली तिनं. मंग बारामतीच्या लोकांनी न्हेली. तुमी गेलासा असं कळलं म्हनं तिला."

"कुणी सांगितलं?"

"कुनी मोठ्या मान्सांनी. शिकल्यालं व्हतं म्हनं."

"मी तिचा कुणी नाही," मी म्हणालो.

"मंग कशाला इचारताय?"

चहा तसाच ठेवून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजा सांगितली आणि निवाऱ्यावर गेलो. ती खिडकीशी ज्वारी निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "मावशी, तांबडा रंग संपला नव्हता."

"ठाव हाय की," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "फेट्यात दिसत व्हता."

"तसं नाही. तुमच्या मालकाबद्दल मला काही कळलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. आजही नाही. मी आधी कुंकू काढलं होतं. मग झाकलं. बघणाऱ्याला वाईट वाटावं म्हणून."

तिचे हात थांबले. आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"म्हंजी ती त्याच्या मरनाची खबर न्हवती?"

"नव्हती."

"मंग त्यो हाय?"

"मला माहीत नाही, मावशी."

तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं आता ती ओरडेल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "वाईट वाटलं का मंग लोकास्नी?"

"वाटलं."

"बरं," ती म्हणाली. मग पदर झटकत, "भिगवनची यष्टी कवा हाय?"

ते ऐकून काळजीवाहू मुलगी धावत आली. तिनं आधी आजीकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि तिला काय सुचलं कोण जाणे, देवाऱ्यातली कुंकवाची डबी आणून पुढं धरली. बाईनं ती हातानं मागं केली. "कुनाच्या सांगन्यावरनं लावू? पुसलं ते ह्यांच्या सांगन्यावरनं." मुलीला काही कळलं नाही. मला कळलं.

आम्ही एसटीनं गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. स्टेशनावर चहावाल्यानं तिला ओळखलं, माझ्याकडं बोट करून डोळे मोठे केले. "ह्योच का?"

"न्हाय, न्हाय," ती म्हणाली. "ह्यो चित्रं काडतो."

ती आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. दुपारची पॅसेंजर आली. माणसं उतरली, पिशव्या, पोरं, माशांच्या रिकाम्या पाट्या. ती उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं बघत होती, एक नाही सोडला. मीही बघायला लागलो. आयुष्यभर चेहरेच बघत आलोय. आणि मग ध्यानात आलं, की तिच्या नवऱ्याचा चेहरा मला ठाऊक नाही. मी तिला कधी विचारलाच नव्हता.

"कसे दिसायचे, मावशी?" मी विचारलं. "सांगा, मी काढतो."

"नाक..." ती म्हणाली, आणि थांबली. हात नाकापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. गाडी सुटली. फलाट मोकळा झाला. ती अजून आठवत होती.

"यील ध्यानात," ती म्हणाली. "तुमी बसा."

मी बसलो.