नळाकडच्या बाया

सहादूचा आवाज असा, की पंचवटीतल्या त्या कोपऱ्यावर तो नुसता ‘मेथी’ म्हणाला तरी मागच्या गल्लीतली बाई पिशवी शोधायला लागायची. मखमलाबादच्या माळ्याचं पोर. शाळा सातवीत सुटली, तीही मास्तरांशी हुज्जत घालून. मग आईच्या टोपलीशेजारी बसला आणि ज्या रद्दीत कोथिंबीर गुंडाळायची ती आधी वाचायला लागला. गिऱ्हाईक ताटकळतंय आणि ह्याचं वाचन चालू. कायदा असाच शिकला, भाषणही असंच शिकला. एक दिवस वसुलीवाल्यानं आईची टोपली पायानं सरकवली. तेव्हा सहादू जो उठून उभा राहिला तो पुन्हा टोपलीपाशी बसलाच नाही. भाजी आणि फुलं विकणाऱ्यांची संघटना त्यानं बांधली. लोक दादा म्हणायला लागले, आणि दादाला ते गोड लागायला लागलं.

संघटनेची सभा तालमीच्या पडवीत व्हायची. भिंतीशी दादाची खुर्ची. तिच्या उजव्या हाताला पुरुष, डाव्या हाताला नळाकडे बाया. तिथं दार जवळ, पोरांचं पाणी-बिणी जवळ, म्हणून बाया तिकडे बसत. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पुरुष बोलायचे, एकमेकांच्या अंगावर जायचे, दादा त्यांना दाबायचा. बाया बोलायच्या नाहीत. निदान दादा तसं सांगायचा. भाषणातलं त्याचं एक ठरलेलं वाक्यच होतं, “आमच्या बाया रस्त्यावर वाघिणी आणि सभेत मुक्या.” टाळ्या पडायच्या. त्या उजवीकडनं पडायच्या, हे त्याला कधी खटकलं नाही.

सत्त्याण्णव साली बाजार उठवून नव्या ओट्यांवर न्यायचं निघालं. पक्के ओटे, वर पत्रे. ते ओटे मिळावेत म्हणून दादा चार वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता, त्यामुळे ते त्याला स्वतःच्या घरासारखे वाटत. सभेत त्यानं विचारलं, “कुणाची हरकत?” आणि लगेच म्हणाला, “नाही. मंजूर.” संमतीचा कागद सोमवारी कचेरीत द्यायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडूचे हार विकणारी नवसाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. साठीची बाई, दादाच्या आईच्या बरोबरीनं बाजारात बसलेली. तिच्या लेखी तो दादा-बिदा कुणी नव्हता.

“सहादू, तू कागद देऊ नको. आम्ही नाय म्हणलं होतं.”

“कधी म्हणालात मावशी?”

“काल. सभेत. मी म्हणले, सखुबाई म्हणली.”

“स्वप्नात म्हणाला असाल.” आजूबाजूचे हसले, तसा दादाला जोर चढला. “बोलायला तोंड उघडावं लागतं. सभेत गप्प बसायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं ओरडायचं. टेप लावलेला होता काल. त्यात तुमचा एक शब्द निघाला, तर सोमवारी कागद देत नाही. सगळ्यांसमोर सांगतो.”

“लाव मग टेप,” नवसाबाई म्हणाली.

तो टेप म्हणजे संघटनेनं घेतलेलं हाताएवढं यंत्र. त्याचा स्पीकर इतका बारका, की त्यातनं नुसता दादाचाच आवाज फुटायचा, बाकी सगळी खरखर. घरी मोठ्यानं लावला तर बायको, सुलाबाई, म्हणाली, “तुमची एक सभा घरात रोज असते, ही दुसरी नको.” कुणी तरी सुचवलं, कान झाकणारे मोठे हेडफोन घ्या, खरखरीतनंही बोलणं निवडता येतं. दादा म्हणाला, चला. नवसाबाई म्हणाली, मी पण येते, तू एकटा ऐकशील आणि येऊन तुझंच सांगशील.

मेन रोडच्या आतल्या गल्लीत सुनील नावाच्या माणसाचं दुकान होतं. रेडिओ, टेप, वायरी, आणि वर दोरीला वटवाघळांसारखे लटकलेले हेडफोन. सुनीलनं स्वस्तातले तीन उतरवले आणि मोठ्या डेकवर सिनेमाचं गाणं लावलं.

“गाणं काढ,” दादा म्हणाला. “गाण्यात सगळंच गोड लागतं. माणसाचं बोलणं लाव. ही कॅसेट घे.”

माल पारखायची दादाला सवय होती. जुडी वरनं टवटवीत दिसते, दोरा सोडून आत बघावं लागतं. पहिला हेडफोन त्यानं उलटा केला, गादी दाबली, पट्टा ताणला. रेक्झिन कडक, पट्टी अशी आवळ की कानशिलं दुखायला लागली, आणि चष्म्याची काडी आत रुतली. आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. “हा डोकं धरायला आहे, ऐकायला नाही,” दादा म्हणाला. “आणि डावीकडचा बंद आहे.”

दुसरा हलका होता, स्पंजाचा. बसायला बरा, पण मान हलवली की घसरून गळ्यात. आवाज पातळ, सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलतायत असं वाटे. “हाही डावीकडनं बंद.”

तिसरा मात्र चांगला निघाला. वाट्या मोठ्या, अख्खा कान आत मावला, गादी मऊ, चष्मा टोचेना. थोडा घाम येत होता, पण तेवढं चालतं. बोलणं तर असं स्वच्छ की खोकला ऐकून माणूस ओळखावा. कांदेवाल्या चिमाजीचा खोकला दादानं ओळखलासुद्धा. पण डावी वाटी मुकी.

दादानं हेडफोन काढला. चेहरा लाल.

“काय शेठ, गोणीच सडकी भरली का? तिन्हीचे तिन्ही एका कानाचे?”

“तिन्ही कसे बाद असतील दादा? कालच एक गेलाय ह्यातला.”

“गेला असेल कुणा भोळ्याकडे. गरीब माणूस स्वस्तातलं घेतो म्हणून त्याला अर्धाच माल द्यायचा? पैसे पुरे आणि आवाज एका कानाचा? ह्याला चोरी म्हणतात.”

आवाज तोच, मेथीवाला. गल्लीत माणसं थबकली. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या बाया उठून दारात आल्या. दादाला माणसं जमली की आणखी शब्द सुचत. त्यानं दुकान बंद पाडायची भाषा केली, मोर्चा आणतो म्हणाला, ‘हरामाचा पैसा’ म्हणाला. सुनील काउंटरमागे खाली बघत उभा होता. नवसाबाई दादाच्या डाव्या बाजूला उभी होती. ती काहीतरी म्हणत होती, दोनदा म्हणाली, मग तिनं त्याच्या सदऱ्याची बाही ओढली. दादानं हात झटकला.

गर्दीतलं कुणी तरी म्हणालं, “दाखवा ना शेठ, माल चांगला असेल तर.”

सुनीलनं तिसरा हेडफोन उचलला आणि अगदी हळू म्हणाला, “दादा, हा उलटा घाला. डावी वाटी उजव्या कानावर. वाटी बंद असेल, तर आता उजवीकडनं ऐकू येणार नाही.”

दादानं घातला. सिद्ध करायचं म्हणून घातला.

उजवीकडनं ऐकू आलं. स्वच्छ. आणि डावीकडे पुन्हा तेच, भिंतीला कान लावल्यासारखं.

माणसाला कळायला कधी कधी एवढंसंच लागतं, पण ते कळून घ्यायची तयारी नसते. दादानं हेडफोन पुन्हा सुलटा घातला. पुन्हा उलटा. गर्दी बघत होती. तेवढ्यात कॅसेट पुढं सरकली आणि उजव्या कानात त्याचाच आवाज आला, “कुणाची हरकत?” त्याच्या पाठोपाठ, काही जागा न सोडता, एक बाई म्हणाली, “हाय आमची. तिथं पाणी नाय, संडास नाय, बायांनी दिवसभर करायचं काय?” त्याच वेळी दुसरी, “फुलं देवळापाशी खपत्यात सहादू, तिकडं कोण येतंय?” ह्या दोघींच्या अंगावरनं गाडी जावी तसा दादाचा आवाज गेला, “नाही. मंजूर.”

मग टाळ्या.

नवसाबाईनं हात पुढं करून हेडफोन त्याच्या डोक्यावरनं काढून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर, पदरावरनंच, घातला. थोडा वेळ ऐकलं. “दोन्हीकडनं येतंय,” ती सुनीलला म्हणाली. “चांगला हाय. जरा गरम होतं.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, दादाला भांडता आलं असतं. बांगड्यांच्या दुकानातल्या बाया परत आत गेल्या. दादानं तिसऱ्या हेडफोनचे पैसे काउंटरवर ठेवले. सुनीलनं पिशवीत घालून दिला, पावती दिली, आणि “या” म्हणाला. त्या ‘या’वर काही तरी बोलायला हवं होतं. दादानं पिशवी काखेत मारली. तो पायऱ्या उतरला.

रस्त्यानं नवसाबाई त्याच्या डावीकडनं चालत होती. दादानं तिला उजवीकडे घेतलं, तेव्हा तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, बस.

घरी सुलाबाईला त्यानं सांगितलं तर ती भाकरी थापताना थांबलीसुद्धा नाही. “लहानपणी फुटायचा ना तो कान तुमचा. सासूबाई सांगायच्या.”

“तुला माहीत होतं?”

“मी लग्नापासून उजवीकडनं बोलते.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुम्हाला? तुमचं काही चुकतंय, असं?” आणि तिनं भाकरी उलटली.

लाठीनं गेला असता कान, मोर्चात गेला असता, तर भाषणात सांगता आला असता. हा गेला होता पोरपणी, पू होऊन, आणि इतकी वर्षं दादा फोन उजव्याच कानाला लावत होता, रिक्षात डावीकडच्या कोपऱ्यात बसत होता, आणि त्यातून काही म्हणून त्याच्या लक्षात आलं नव्हतं. की येऊ दिलं नव्हतं. आता त्याला भाषणातलं ते वाक्य आठवलं. वाघिणी आणि मुक्या. किती व्यासपीठांवर म्हटलं होतं ते.

सोमवारी त्यानं कागद दिला नाही. ते सोपं होतं, शब्दच दिलेला होता. पण पुरुष विचारायला लागले, का नाही दिला? आणि त्याचं उत्तर सभेत द्यावं लागणार होतं. त्यानं मनात बरंच रचून पाहिलं. टेप बिघडला होता. बायांचा फेरविचार झाला. कचेरीनं मुदत वाढवली. प्रत्येक खोटं अगदी पक्कं होतं, दादाचा हात त्यात बसलेला.

सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. दादा उभा राहिला. बाया नळापाशी, नेहमीसारख्या. त्यानं घसा साफ केला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “माझा डावा कान काम करत नाही. ह्या बाजूनं बोललेलं मला कधी ऐकूच आलेलं नाही. बायांनी नको म्हटलं होतं. मी मंजूर म्हणालो.”

मेथीचा आवाज नव्हता तो. मागच्यांना ऐकायला माना पुढं काढाव्या लागल्या.

चिमाजी मोठ्या मनानं म्हणाला, “असू दे दादा, त्यात तुमचा काय दोष. कान गेला त्याला कोण काय करणार. आजपासनं बायांनी इकडं बसावं, आम्ही तिकडं जातो.”

दादाला ते आवडलं. लाज वाटत होती, तरी ते आवडलं. कुणी तरी दोष कानावर ढकलला होता. तो बसायला वाकला.

“थांब,” सखुबाई म्हणाली. पालेभाजीवाली, बोलायची कमी, पण तिच्या मापात कधी खोट नसे. ती उठून त्याच्या समोर आली, उजव्या बाजूला नाही, अगदी समोर. “कान गेला ते समजलं. डोळे तर होते ना? इतक्या वर्षांत एकदा जरी आमच्याकडं बघितलं असतं, तर आमची तोंडं हलताना दिसली असती.”

दादानं मान वर केली. तिच्यामागं नळाकडे बसलेल्या बाया दिसत होत्या. किती होत्या. त्यातल्या कित्येकींची नावं त्याला येत नव्हती.

“आम्हाला वाटायचं, ऐकून न ऐकल्यासारखं करतोस,” नवसाबाई बसल्या जागेवरनं म्हणाली, हे तो तिच्या ओठांवरनं आणि थोडं कानावरनं समजला. “तरी मोर्चाला तुझ्यामागं आलो.”

“आणि आम्ही नाय उठायचो इथनं,” सखुबाई म्हणाली. “नळ इथं, दार इथं, पोरं इथं. आम्ही का जागा सोडायची? तूच खुर्ची उचल.”

दादानं खुर्ची उचलली. लाकडी, जड होती. चिमाजी हात लावायला पुढं आला, दादानं नको म्हटलं. पडवी ओलांडून तो ती नळाच्या भिंतीशी घेऊन गेला. बाया थोड्या सरकल्या, फार नाही. ठेवली तेव्हा एक पाय ओल्या फरशीवर आला आणि खुर्ची डुगडुगायला लागली. तो तसाच बसला, बायांकडे तोंड करून.

“बोल मावशी,” तो म्हणाला.

नवसाबाईनं लगेच सुरुवात केली नाही. तिनं आधी पदर नीट केला, बाटलीतलं पाणी प्यायलं, शेजारणीशी काही तरी बोलून घेतलं. तेवढा वेळ दादा तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिला.