खिळ्याला टांगलेलं गार्ड

तुमच्या दुकानातल्या ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे फिरत्या व्हीलवरचं लोखंडी झाकण, कुठं आहे? मशीनवर, की भिंतीवर खिळ्याला?

वाशीत माणिकप्पांचं गेट-ग्रिलचं दुकान आहे. तिथं ते खिळ्यालाच होतं. मोठं व्हील बसावं म्हणून मशीन नवं असतानाच त्यांनी ते काढून टाकलं. त्यांचा उजवा डोळा एका ठिणगीनं आधीच अधू केलेला. म्हणजे सगळा संसार डाव्या डोळ्यावर. मी कामगार संघटनेचा माणूस, मोठमोठ्या साहेबांशी भांडून कामगारांना हातमोजे मिळवून दिलेत, पण या माणसापुढं माझा नुसता घसा बसायचा.

"निदान चष्मा तरी घाला," मी म्हणायचो.

"वेल्डिंगचा टाका मारताना मी डोळे मिटतो की. मिटल्या डोळ्याला चष्मा कशाला?"

"आणि ग्राइंडर मारताना?"

"तोंड तिकडं करतो. तुम्ही लई भित्रे बघा, पुढारी."

यंदा खंडेनवमीला दुकानात गेलो. सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडलेली. मधे ग्राइंडर, शेजारी गार्ड. त्यांच्या मंडळी राजनंदिनीताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"हे मी पुजणार न्हाय."

"आता काय झालं?"

"मशीन हिकडं, त्याचा तुकडा तिकडं. खंडित वस्तू पुजत्यात व्हय? देवघरात टवका उडालेला देव ठेवता का तुम्ही?"

"अगं, ते जादाचं असतंय."

"कंपनी तुमची पाव्हणी लागती, जादाचं द्यायला? आधी जोडा, मग हळदकुंकू."

माणिकप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताचे पत्रे बघत बसलो. पूजा झाल्याशिवाय हत्यार हातात घ्यायचं नाही, हा नियम त्यांचाच. आणि शाळेच्या गेटचं काम अर्धवट पडलेलं. शेवटी पुटपुटत गार्ड बसवलं. मोठं व्हील त्यात मावेना, म्हणून मापाचं आणलं.

"पूजा झाली की काढतो," ते मला हळूच म्हणाले.

"पुजलेलं मोडून तर बघा," ताई आरती ओवाळता ओवाळता म्हणाल्या.

दसऱ्यानंतर गेटचं काम सुरू झालं. मशीन जड झालं, दिसत नाही, हात अवघडतो, अशी कुरकुर चालूच. मी समोर ताईंनी नुकताच आणून दिलेला चहा पीत होतो. एकाएकी फाटकन आवाज झाला आणि व्हील फुटलं. एक तुकडा गार्डवर असा आदळला की गार्डला पोचा पडला. पोच्याच्या बरोबर समोर त्यांचं तोंड होतं.

माणिकप्पांनी बटण बंद केलं, प्लग काढला आणि डाव्या डोळ्यावर हात ठेवला. मग तो हात बाजूला करून त्यांनी आधी मला बघितलं, मग बायकोला.

"व्हील हलकं निघालं," ते म्हणाले.

"आणि गार्ड?" ताईंनी विचारलं.

"गार्ड बरं निघालं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी गेलो तर डोळ्यावर चष्मा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "धूळ लई झालीय."

त्यांच्या मंडळींनी त्यांना वाचवलं. तुमच्या घरी तसं कुणी असेल-नसेल. म्हणून हे वाचून झालं की उठा, मशीनचा प्लग काढा, खिळ्यावरचं गार्ड उतरवा आणि जागच्या जागी घट्ट बसवा.