परक्यांच्या सहलीचे छत्तीस फोटो

नागभीडच्या बायनाबाईच्या ट्रंकेत एक अल्बम होता. त्यात छत्तीस फोटो, आणि छत्तीसही फोटोंत तिच्या नात्यागोत्याचं एक माणूस नव्हतं.

गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची. तिचे यजमान वामनराव रेल्वेत गँगमन. रूळ ठोकता ठोकता त्यांचा चेहराही रुळासारखाच झालेला, कुठून वाकायचा नाही. दरवर्षी घरच्यांसाठी फुकट पास मिळे, तो तसाच पडून वाया जाई. त्या उन्हाळ्यात काय सुचलं कोण जाणे, जेवता जेवता म्हणाले, "चाल, चांद्याले जाऊन येऊ." बुकिंगबाबूचा कॅमेरा मागून आणला, दहा वर्षांच्या विक्कीला नवीन चड्डी घेतली, आणि तिघं छोट्या गाडीनं निघाले.

चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, उतरल्यावर वामनरावांनी खिशातून पास काढला. परतीचंही त्याच्यावरच होतं. एकदा वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात मागून एक बकरी आली आणि पास ओढून खाऊन मोकळी झाली. बायनाबाईनं पोराला पदराआड घेतलं, आता वामनराव भडकणार, काही खरं नाही! पण तो माणूस हसायला लागला. खाली बसला, मांडीवर थापा मारत हसला, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. बकरी चघळत उभी. विक्कीनं कॅमेऱ्याचा खटका दाबला.

रोल गावातल्या स्टुडिओत दिला, तिथून तो धुवायला नागपूरला गेला. परत आलं ते पाकीट उघडलं तर आत भलतेच लोक! छाती काढून उभा असलेला एक मिशीवाला, मोठ्या नथनीवाली त्याची बायको, एक बोळक्या तोंडाची म्हातारी. स्टुडिओवाला म्हणाला, अदलाबदल झाली, कोणाची कोणाशी ते मी काय सांगू? पण माणसांचे फोटो चुलीत तर घालता येत नाहीत. बायनाबाईनं अल्बम आणून ते ओळीनं लावून ठेवले. पुढं नव्या सुनेनं विचारलं, "हे कोन आत्याबाई?" तेव्हा म्हणाली, "आपलेच समज."

वामनरावांना जाऊन चोवीस वर्षं झाली. भिंतीवर लावायला फोटो शोधला तो नोकरीच्या ओळखपत्राचाच मिळाला. तो मोठा करून लावला, हार घातला. त्या फोटोत ते असे बघतात, की दिवा लावतानाही वाटावं, काहीतरी चुकलंच.

या माघात बायनाबाईच्या डोळ्यांचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली आणि पहिला दिसला तो तोच फोटो, चांगला लख्ख. आणि तिच्या लक्षात आलं, की हसणारे वामनराव तिला आता आठवत नाहीत. बकरी आठवते, पोराची चड्डी आठवते. त्या चेहऱ्याच्या जागी हाच भिंतीवरचा चेहरा येतो.

"हर्षा," ती नातीला म्हणाली, "आबा हासत कसे, ते सापडून नाई राह्यलं मले."

"आबा हासत होते?" हर्षा म्हणाली. "आजी, गोळ्या बदलून घे डॉक्टरकडून."

"ह्या लोकाइचे फोटो आपल्याकडं, म्हनजे आपले त्याइच्याकडं. धुंडू."

विक्की ताटावरून ओरडला, "माय, तुले काऊन उठाठेव? बत्तीस वर्षं झाले!"

"मंग? तुयासारखी पोरंही उशिरानंच शहानी होतात."

पहिले पाच-सहा फोटो वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या देवळापुढचे होते. म्हणून एका रविवारी हर्षाला घेऊन बायनाबाई मार्कंड्याला गेली. बुद्धाला मानणारं घर तिचं, देवळाची पायरी ती कधी चढली नव्हती, त्या दिवशीही चढली नाही. खाली नारळवाल्याजवळ बसून फोटो दाखवत राहिली. नारळवाला म्हणाला, "बाई, इथी लाखो लोक येतात. मी काय सगळ्याइच्या मिशा ध्यानात ठेवू?" मग नदी दिसत होती तो फोटो घेऊन नदीवर गेल्या. नदीही काही बोलली नाही. दोघी आल्या तशा परतल्या.

घरी आल्यावर बायनाबाईनं अल्बम शेवटून उघडला. छत्तिसावा फोटो घरी परतल्यावरचा असावा. तीच म्हातारी अंगणात बसलेली. जुन्या डोळ्यांना तिच्या भोवती नुसता चिखल दिसायचा. आता बायनाबाईनं फोटो उन्हात धरला.

"अवो माय, हा त हिरडा हाये!"

लहानपणी आईमागं जंगलात फिरून तिनं हे औषधाचं फळ वेचलं होतं, ती विसरणार थोडीच. पण एका घराचा हिरडा किती असेल? टोपलंभर. इथं सगळं अंगण भरलेलं, मागं पोत्यांची थप्पी, आणि छपराला मोठा काटा टांगलेला. "हे लोक जंगलमाल मोजून घेनारे," ती म्हणाली. "एवढा माल त धानोऱ्याच्या जंगलाकडंच निघते. चाल."

धानोऱ्याला बस स्टँडच्या चहावाल्यानं फोटो हातात घेतला आणि लगेच म्हणाला, "हा त काट्यावरचा लटारू. मेला बिचारा. बायको हाये, आशाबाई. पान्याच्या टाकीमागं घर."

दार आशाबाईनंच उघडलं. नथनी गेली होती, पण नाक तेच. हर्षा काय ते समजावून सांगायला लागली, पण आजी बाजूला नव्हतीच. ती सरळ आत गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

भिंतीवर, काचेच्या फ्रेमीत, मांडीवर थाप मारत वामनराव हसत होते. सगळे दात दिसत होते, डाव्या बाजूचा पडलेला दातसुद्धा. बाजूला अर्धी बकरी.

"मावशी, ह्याइले तुमी वळखता?" आशाबाईची नात दिव्यानी म्हणाली. "आमचे हासनारे मामा हायेत हे."

आशाबाई सांगू लागली. पाकीट भलत्याचंच निघालं म्हणून लटारूनं खूप आदळआपट केली. बाकीचे फोटो वाळवीनं खाल्ले. पण हा सासूनं त्याच दिवशी भिंतीवर लावला होता. "सासू म्हने, याच्याकडं पाह्यलं की भांडन पुढं जात नाई. खरंच जात नाई, बाई. मी अन् लटारू कितीदा भांडता भांडता वर पाह्यलो." मग तिनं विचारलं, "भाऊ नाई आले तुमच्यासंग? तब्येत बरी हाये न त्याइची?"

बायनाबाईनं फ्रेमीकडं पुन्हा पाहिलं. तिच्यावर हार नव्हता. कसा असेल? इथं कोणाला माहीत होतं?

"गेले ते," ती म्हणाली. "चोवीस वर्षं झाले."

आशाबाईनं कपाळाला हात लावला. दिव्यानी उठली, अंगणातल्या झेंडूकडं निघाली. बायनाबाईनं तिचं मनगट धरलं.

"बस व पोरी. हार आमच्या घरी हाये. इथी राहू दे त्याइले असेच."

हर्षानं मोबाईलमध्ये फोटो काढून घेतला. मग हळूच म्हणाली, "आजी, फ्रेमच मागून घेऊ न? आपलाच फोटो हाये."

"नाई. तिथी नेलं तं तोंड पुन्हा रुळासारखं करतील." बायनाबाईनं पिशवीतून अल्बम काढून आशाबाईच्या मांडीवर ठेवला. "हे घे. तुयी सासू, तुया मिशीवाला, सगळे हायेत. एकालेही वाळवी लागू नाई देली."

आशाबाईनं पहिलं पान उलटलं. लटारू देवळापुढं छाती काढून उभा. त्याच्या मिशीवर बोट ठेवून ती म्हणाली, "पाह्य व दिव्यानी, जसं देऊळ यानंच बांधलं."

बायनाबाईनं प्लास्टिकची खुर्ची ओढून भिंतीसमोर घेतली आणि बसली. हर्षानं दोनदा घड्याळ दाखवलं. तिसऱ्यांदा म्हणाली, "आजी, साडेतीनची गाडी गेली."

"दुसरी?"

"सकाळी," आशाबाई अल्बममधून मान वर न करता म्हणाली.

बायनाबाईनं चपला काढून खुर्चीखाली सारल्या. "मंग सांग आशाबाई, भाजीले काय हाये? मी निवडून देतो."