नेपाळच्या वेशीवर

आईने व्हिसाचा अर्थ विचारला तेव्हा ती ओट्यावर बसून तुरीची डाळ पाखडत होती आणि मी, शाळेत भूगोल शिकवणारी तिची लेक, मोबाईलमध्ये डोकं घालून पार गोंधळून गेले होते.

तिला लुंबिनीला जायचं होतं. तिने ते विचारलं नव्हतं, जाहीर केलं होतं. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहारातून दरवर्षी कोणी ना कोणी बोधगयेला जाऊन येतं. पण बुद्धाचा जन्म झाला ते लुंबिनी नेपाळात आहे, म्हणजे परक्या देशात. त्यात आईचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की काय फिरायचं ते यंदा फिरून घ्या. म्हणजे जाणं एकदाच होणार होतं, आणि तिकडून परत फिरावं लागलं असतं तर आईचं लुंबिनी कायमचं राहिलं असतं. मला तीच धास्ती होती.

म्हणून मी चार शहाण्यांना विचारलं आणि तिथेच फसले. शाळेतले एक सर म्हणाले, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड लागतं, आधार दाखवलं तर विमानतळावरून परत पाठवतात. सेतू केंद्रातला म्हणाला, "पासष्टच्या वर आधार चालते ना मॅडम, टेन्शन काऊन घेता?" विहारातल्या एक काकू बसने जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काही लागत नाही वं. आम्ही तं चहा प्याले तिकडे गेलो न् पिऊन इकडे आलो." घरी आमचे हे म्हणाले, "नेपाळ काय परदेश आहे का?" आणि कूस बदलून झोपले. पाचशेची नोट तिकडे चालते का, यावर तर विहाराच्या मोबाईल ग्रुपवर भांडण जुंपलं.

गंमत अशी, की ज्याला विचारावं त्याचं खरंच असायचं. फक्त एकाचं विमानाचं असायचं, दुसऱ्याचं भूतानचं, तिसऱ्याचं फार जुनं. आम्ही जाणार होतो भुसावळहून रेल्वेने गोरखपूरला आणि तिथून जीपने सरहद्दीवर. शेवटी एवढं कळलं की भारतीय माणसाला नेपाळसाठी व्हिसा लागतच नाही, ओळखपत्र जवळ असलं म्हणजे झालं. तरी माझी खात्री पटेना. इतकं सोपं असेल तर सगळे इतकं बोलतात कशाला?

"पण व्हिसा म्हणजे काय असते?" आईने पुन्हा विचारलं.

"दुसऱ्या देशात जायाची परवानगी. तुमी कोण, कुठले, काऊन आले, कधी जासान, हे इचारतात न् मंग आत सोडतात."

सूप थांबलं. "म्हणजे वेसकराचं काम," आई म्हणाली.

तिचा आजा वेसकर होता. जुन्या काळी गावाच्या वेशीवर, म्हणजे गावात शिरायच्या दाराशी, राखण करायचं काम आमच्या लोकांकडे असायचं. दिवेलागणीनंतर कोणी परका आला की आजा त्याला वेशीबाहेर बसवायचा आणि हेच प्रश्न विचारायचा. कोणतं गाव, कोणाचे पाहुणे, काऊन आले, कधी जासान. उत्तरं पटली की दार उघडायचं. पाटलाचा जावई असला तरी आजाने हो म्हटल्याशिवाय आत नाही. आई लहानपणी त्याला भाकर द्यायला जायची तेव्हा हे सगळं तिने पाहिलेलं होतं. हे सांगताना तिची मान ताठ झाली होती.

"मंग तुझ्या आजाचा गावात लय रुबाब असंन," मी म्हटलं.

"गावात कायचा? त्याचं घर वेशीभाईर होतं. सारी वस्तीच भाईर होती. कामापुरतं आत जाये, न् लगन असलं का ताट घेऊन भाईर येऊन बसे." तिने सूप उचललं. "मी एक डाव इचारलं, आबा, साऱ्याले आत तुमी सोडता, मंग आपलं घर भाईर काऊन? तं म्हणे, पोरी, भाकर झाक, माश्या बसतात."

आणि मग तिने अट घातली. तिला विचारून, उजेडी, समोरून आत सोडलं तरच ती जाणार. "चोरावानी कोणाच्या वेशीतून मी जायची नाही. नाही सोडलं तं वापस येऊ."

आधीच मला एक गोंधळ पुरेसा होता, त्यात आईने स्वतःचा कायदा काढला. पुढचे दिवस ती चार प्रश्नांची उत्तरं पाठ करत होती. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, "कोणाचे पाहुणे असं इचारलं तं काय सांगू? तिथी तं आपलं कोणीच नाही." मी म्हटलं, बुद्धाचे म्हण. ते तिला पटलं.

गोरखपूरला उतरलो तशी तिने ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि मतदान कार्ड हातात घेतलं ते सोडेचना. जीपमध्येही हातात, चहा पितानाही हातात. कार्डावरचा फोटो इतका जुना, की ती आईची धाकटी बहीण वाटावी. आता हा फोटो पाहून अडवतील, हा नवा घोर मला लागला.

सरहद्द आली तेव्हा मला ती सरहद्द वाटेचना. शेगावच्या बाजारात असावी तशी गर्दी. सायकली, सामानाचे ट्रक, पिशव्या घेतलेल्या बाया, हॉर्न. आधी आपली कमान, पुढे त्यांची कमान. मधली जागा कोणाची, ते मला सांगता येईना. नकाशात एक रेघ असते, मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. इथे ती रेघ कुठेच दिसत नव्हती. आपल्या बाजूचे जवान अधूनमधून कोणाचं तरी कार्ड बघत होते. आमच्या पुढच्या माणसाचं बघितलं, आमचं नाही. लोंढ्याबरोबर आम्ही पुढे ढकलले गेलो आणि त्यांच्या कमानीपाशी येऊनसुद्धा कोणी काही विचारलं नाही.

आई मध्येच उभी राहिली. मागून सायकलवाला ओरडला.

"आई, चाल ना, लोकं खोळंबून राह्यले."

"कोणी इचारलं नाही."

"नाही इचारलं तं चांगलंच झालं ना!"

"मी सांगतलं होतं तुले," ती म्हणाली आणि तोंड फिरवून परत भारताकडे निघाली.

मला खरंच राग आला. इतक्या लांबून आलो, गुडघ्याला पट्टे बांधून आलो, आणि दार सताड उघडं आहे म्हणून ही परत चालली! रडावं की ओरडावं कळेना. मी तिचा दंड धरला आणि तिला थेट कमानीखालच्या नेपाळी पोलिसासमोर नेऊन उभं केलं. त्याला मोडक्या हिंदीत म्हटलं, साहेब, मेहरबानी करा, हिला काहीतरी विचारा.

तो बिचारा माझ्याहून गोंधळला. पण आईने त्याची वाट पाहिली नाही. कार्ड पुढे धरून तिने पाठ केलेलं म्हटलं, "जिल्हा बुलढाणा. लुंबिनीले चाललो. बुद्धाचे पाहुणे हाओत. परवा वापस जाऊ."

त्याला लुंबिनी आणि बुद्ध एवढंच समजलं असावं. त्याने कार्ड हातात घेतलं, फोटो पाहिला, आईकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी कार्ड परत दिलं. "जाइए आमा. आपको कौन रोकेगा?"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आई मात्र हलेना.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्हारा घर किधर है?"

त्याने काठीने कमानीच्या पलीकडे दाखवलं. "उधर, बाज़ार के पीछे."

"अंदर?"

"हाँ आमा, अंदर."

आईने पुन्हा एकदा काठीच्या दिशेने पाहिलं. मग माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"वेसकराचं घर आत हाये वं," ती म्हणाली. कार्ड पिशवीत ठेवलं आणि माझी वाट न बघता आत चालू लागली.