केतकीचं ‘नको’

आमच्या शाळेच्या ग्रुपमधलं कुणी बाहेर शिकून परत आलं, की आमची वर्षभराची करमणूक फुकट! किस्से शोधावे लागत नाहीत, मिसळीवरच्या तर्रीसारखे आपोआप वर येतात. आता केतकीचंच बघा. नेदरलँड्समध्ये दोन वर्षं शिकून बाईसाहेब नाशकात परतल्या.

*

पहिल्याच आठवड्यात दिंडोरीच्या मावशीकडे जेवण. मावशी पुरणपोळी वाढायला आली. केतकी म्हणाली, “नको.” पोळी ताटात पडलीसुद्धा!

“अगं मावशी, नो म्हणजे नो!”

“नऊ कुठं गं बाई? दोनच तर झाल्या!”

*

मग आमच्या ग्रुपमधल्या निलेशला तिचा मेसेज: “मंगळवारी साडेपाचला घरी येऊ का?”

आमच्यात असं विचारून कोण येतं? निलेशच्या आईला वाटलं, मुलगी वेळ मागतेय म्हणजे नक्की काहीतरी भानगड! काकूंनी शिरा केला, चादरी बदलल्या, निलेशला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. केतकी आली, लॅपटॉपचा चार्जर घेतला आणि पाच मिनिटांत गेलीसुद्धा.

काकू अजून विचारतात, “काय रे, त्यांच्याकडून होकार आला का?”

*

केतकीचे बाबा ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांचे जुने दोस्त पगारेकाका घरी आले, तर आई-बाबा दोघंही बाहेर गेलेले.

“काका, चहा?”

“नको नको.”

“ओके!” म्हणून ही मोबाईल घेऊन बसली. काका बिचारे तासभर पाण्यावर! निघताना चपला घालत हळूच म्हणाले, “गॅस संपलाय का गं? आमच्याकडं एक भरलेला पडलाय.”

आईने नंतर तिला फैलावर घेतलं. “अगं, पहिलं ‘नको’ कुणी धरतं का!”

*

आम्ही हसत होतो खरं, पण आतून टरकलो होतो. तिला तिकडून नोकरीचं बोलावणं आलं होतं, सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिला स्वतःला इथेच राहायचं होतं. आणि बाबा तर सगळ्या कॉलनीला सांगत सुटलेले, “पोरगी परत जाणार! एवढं शिकून इथं काय करणार?” फार वाईट वाटायचं तिला.

रविवारी आम्ही सगळे तिच्याकडे पोहे खात बसलो होतो. केतकीने एकदम विचारलं, “बाबा, मी इथेच राहू?”

पेपरमागून आवाज आला, “नको.”

आमचे चमचे थांबले.

“राहते ना, बाबा.”

“नको नको. उगाच कशाला आमच्यासाठी...”

“असं काय करता? माझा आग्रह आहे!”

बाबांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

“बरं, आता एवढं म्हणतेस तर राहा. पण थोडंच हं!”