चोळलेलं कोपर

स्कूटरवरून घसरलो आणि उजवं कोपर मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा हात काटकोनात अडकलेला. सरळ होईना की पुरता वाकेना. आटपाडीत माझं शिलाईचं दुकान आहे. अख्ख्या तालुक्याचे शर्ट शिवणाऱ्या माणसाला स्वतःच्या कॉलरचं बटण लावता येईना. ते बायको लावायची आणि वर हसायची. मी मुळातच तापट, एकदा कात्रीच भिरकावली.

"गप रं, मी हाय की," अब्बा म्हणाले.

अब्बा जुने पैलवान, तालमीचे वस्ताद. मुरगळलेला पाय, धरलेली कंबर, उतरलेला खांदा, सगळं आमच्या ओट्यावर यायचं आणि बहुतेक बरं होऊन जायचं. रोज संध्याकाळी तेल कोमट करून ते माझं कोपर चोळायचे, ओढायचे, दाबायचे. मी कळवळलो की म्हणायचे, "दुखतंय तेवढं सुटतंय." कसलं सुटतंय! दोन महिन्यांत हात होता त्याहून लय घट्ट झाला.

शेवटी सांगली गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. सांध्यापुढच्या मांसात नको तिथं हाड वाढलं होतं. "कुणी चोळलंय का?" अब्बा बाहेर केसपेपरच्या रांगेत होते. मी खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, मोडलेलं कोपर असं जोरात चोळलं की मांसात हाड धरू शकतं. "वडिलांना सांगा, आता हात लावायचा नाही." मी मान डोलावली. सांगितलं मात्र नाही. त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?

हे हाड पुरतं पिकेपर्यंत, म्हणजे त्याची वाढ थांबेपर्यंत, काही महिने थांबावं लागलं. तोवर काहीबाही सबबी सांगून मी अब्बांचं चोळणं टाळलं. मग ऑपरेशन झालं. जादा हाड काढलं, सांध्याभोवतीचं आवळलेलं आवरण सोडवलं. टेबलावर हात पुरता वाकला होता म्हणे. "माझं काम झालं," बाई म्हणाल्या. "आता रोज तुम्ही स्वतःच्या ताकदीनं वाकवायचा. पुन्हा धरला तर दुसऱ्या ऑपरेशनची खात्री देत नाही."

तिसऱ्या आठवड्यात दुखणं वाढलं, आणि अब्बा तेलाची वाटी घेऊन आले. मी भित्र्यासारखा हात पुढं केला. दोन संध्याकाळी ते चोळत राहिले. कोपर सुजलं, आणि कॉलरपासून दोन बोटांवर आलेला हात परत वीतभर लांब गेला. तिसऱ्या दिवशी माझा तोल सुटला.

"पुरे, अब्बा! तुमच्या चोळण्यानंच हे हाड वाढलंय! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय!"

बोललो आणि लाज वाटली. बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू. अब्बांनी वाटी खाली ठेवली. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी व्यायाम करताना ते समोर बसायला लागले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. "आजून एक," म्हणायचे. "आजून एक." त्या म्हाताऱ्यावर माझा जीव आहे, हे मला त्या दिवसांत पुन्हा कळलं.

पुढच्या तपासणीला मी बाईंसमोर माझं बटण मीच लावलं. बाई खूश झाल्या. निघताना अब्बांनी विचारलं, "बाई, मी जन्मभर असली कोपरं चोळली. ती बी अशीच झाली असतील?"

बाई म्हणाल्या, "मुरगळलेला पाय, कंबर, त्यांचं काही बिघडलं नसेल. मोडलेल्या कोपराचं मात्र मी सांगू शकत नाही."

परतताना एसटीत अब्बा विट्यापर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "मोडलेली कोपरं चार व्हती. तिघं गाव सोडून गेली. एक बाई हाय, तालमीमागं."

सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. वस्ताद आले म्हणून तिची धांदल उडाली. उजवा हात पोटाशी आखडलेला, त्याच्याकडं तिचं लक्षही नव्हतं. तिनं डाव्या हातानं कप पुढं केला.

"डाव्या हातानं देतीया, राग मानू नगासा. आवं, तुमी व्हता म्हणून एवढा तरी हात राहिला. मी सगळ्यांस्नी सांगती."

अब्बांनी कप घेऊन खाली ठेवला. तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "माझं ऐक आदी."