नलूआजीच्या गंजातली सफरचंदं

मीरा आणि ईशान, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, नलूआजी गेली तेव्हा आम्ही तिथे नव्हतो, आता तिच्यासाठी काय करायचं? मी म्हटलं, विचार करून कळवते. विचार झाला. तुमच्याकडे तिकडे परदेशात सफरचंदांचा हंगाम सुरू आहे, लवकरच बागेत जाऊन टोपलीभर घेऊन याल, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

गणपती उठले त्याच आठवड्यात सकाळी अकोल्याहून वर्षाचा फोन आला. वर्षा म्हणजे नलूची सून. "मामी, आई गेल्या," ती म्हणाली. "काल संध्याकाळी पाहुणे होते. सगळ्यांचे ग्लास भरले का, ते विचारून झोपल्या..." मी इथे अमरावतीला ओट्यापाशी उभी होते. रडू आलंच, पण त्याच्या आधी मला अभिमान वाटला. तो का, ते तुम्हाला कळायला हवं.

नलू ही तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. सासर हिवरखेडचं, तिथे संत्र्याची बाग, राहणं अकोल्यात. तिच्या घरातून कोणी कोरड्या तोंडानं परत गेलं नाही. दूधवाला, विजेचं मीटर बघायला आलेला, चुकून दुसऱ्याचा पत्ता शोधत दारात उभा राहिलेला... सगळे चहा पिऊनच बाहेर पडत. माझ्याकडे मात्र चहाची वेळ ठरलेली. त्यावरून ती मला चिडवायची, "वहिनी, तुमच्या घरी पाहुण्याले घड्याळ पाहून तहान लागली पायजे!"

गेल्या हिवाळ्यात तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दुखणं परत येणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनं ते ऐकलं होतं. मी अकोल्याला तिच्याजवळ राहायला गेले. भेटायला माणसांची रीघ लागली. आपल्याकडे आजाऱ्याकडे जाताना सफरचंदं नेतात. केळी नाही, संत्री नाही, सफरचंदंच. एरवी आपल्या भागात ती कोणी फारशी विकत घेत नाही. पिशवीत सफरचंदं दिसली की समोरचा विचारतो, कोण बिमार आहे? तर लोक यायचे, पिशवी टेबलावर ठेवायचे, खुर्चीच्या कडेवर टेकायचे, आवाज बारीक करायचे. आणि चहाचं विचारलं की हात जोडायचे, "नाही नाही, बिमाराच्या घरी कायले तरास?" टाक्यांपेक्षा नलूला ते जास्त दुखायचं. संत्र्याच्या घरातल्या बाईच्या पलंगाखाली सफरचंदांच्या पिशव्या साचत गेल्या. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मी अजून मेली नाही वहिनी, अन् माह्या घरचं पाणी लोकायनं आत्ताच बंद केलं."

त्यानंतर काही दिवसांनी तुमचा व्हिडिओ कॉल आला. मीरा, तुझ्या हातात वाफाळता कप होता. "काय पिऊन राहिली व पोरी?" नलूनं विचारलं. तू म्हणालीस, सायडर. नलूच्या शेजारणीनं लगेच नाक मुरडलं, "ते वजन कमी करायचं आंबट औषध ना?" मग तू नीट समजावलंस: ते व्हिनेगर वेगळं, हा सफरचंदाचा न गाळलेला ताजा रस, त्यात दालचिनी आणि लवंगा, आणि लवंगा टोचलेलं एक संत्रं, सगळं मंद आचेवर ठेवायचं. नलू पलंगावर उठून बसली. लवंगा टोचलेल्या संत्र्याचं तिला फार हसू आलं. "त्याले काय दृष्ट लागली होती?" पण नजर पलंगाखालच्या पिशव्यांकडे गेली होती. ती मी पाहिली.

दुसऱ्याच दिवशी तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आली. मोठा गंज चुलीवर चढला. गंज म्हणजे इकडचं मोठं पातेलं. लग्नकार्यातला चहा त्यातच व्हायचा. सफरचंदं बिया काढून, सालीसकट चिरून, पाण्यात मऊ शिजवली आणि पातळ फडक्यातून पिळून घेतली. गूळ, दालचिनी, लवंगा, थोडी सुंठ पडली. वास सगळ्या घरात गेला. तेवढ्यात तेल्हाऱ्याच्या दोन बायका पिशव्या घेऊन आल्या, आणि नलूनं हुकूम सोडला, "वर्षा, दूध टाक." मी म्हटलं, अगं, त्यात दूध नसतं. "बिनदुधाचं गरम पाहुण्याच्या हातात देऊ? आमी काय इतके गेलो का?" दूध पडलं आणि क्षणात सगळं फाटलं. वर्षाचा चेहरा उतरला. नलू मात्र पोट धरून हसत सुटली, "हसवू नका व, टाके उसवतील!" आणि हसता हसताच, "फाटलं तं फाटलं. गाळून घे, साखर टाक, परतून काढ. कलाकंद समजून खातील." पाहुण्यांनी खाल्लं. बारीक आवाजात बोलायचं त्या विसरूनच गेल्या. आजारी घरात आपण खातोय, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा बशा रिकाम्या होत्या.

पुढच्या खेपेला दूध नव्हतं. चहा नको म्हणणाऱ्याला नलू सांगायची, "चहा कोण देऊन राहिलं? हे तुमचेच सेब आहेत. तुमीच आणले, तुमीच प्या." मग ग्लास घ्यावाच लागायचा. ग्लास हातात आला की माणूस खुर्चीत मागे रेलायचा, पिकाचं बोलायचा, कोणाची तरी चेष्टा करायचा. डॉक्टरांनी तिला पातळच घ्यायला सांगितलं होतं, त्यामुळे पाहुण्यांबरोबर तीही घोट घोट घ्यायची. आणि वाढणारी तीच असायची. संत्रं बागेतलं, त्याला लवंगा तिनं स्वतः टोचलेल्या, रोज नव्या नक्षीनं.

संक्रांत जवळ आली. मुलानं आणि वर्षानं आपसात ठरवलं होतं की यंदा हळदीकुंकू नको, आईला झेपणार नाही. नलूला कळलं. "काहून? हळदकुंकवाले पोट लागते का हात?" मुलगा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "म्हणतील, नलू उभी आहे." आणि ती उभी राहिली. हिरवं लुगडं नेसून, एका हातानं दाराची चौकट धरून. गल्लीतल्या बायका आल्या, तिवश्याहून चुलत जावा आल्या. अंगणात गंज उकळत होता आणि रस्त्यापर्यंत दालचिनीचा वास होता. त्या दिवशी कोणी 'तब्येत कशी आहे' असं विचारलं नाही. सगळ्या विचारत होत्या, हे करायचं कसं? वाण म्हणून तिनं प्रत्येकीला दालचिनी, लवंगा आणि सुंठेची पुडी दिली. "कोणाच्या घरी सेब घेऊन गेल्या तं ही पुडी संगं न्या," तिनं बजावलं. "नुसते सेब नेले की माणूस बिमार होते."

मग अकोल्याचा उन्हाळा आला. दुपारी भिंतीला हात लावता येत नाही, तिथे गरम काय पिणार? नलूनं तोच रस पहाटे करून माठात गार करायला सुरुवात केली. वरून लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. हिवरखेडहून आलेले दीर दोन ग्लास रिचवून म्हणाले, "वहिनी, आपल्या संत्र्यायले तुमी घरातच दुश्मन पैदा केला." ती इतकी खूश झाली की आल्या-गेल्याला ते ऐकवत राहिली.

दुखणं सांगितल्याप्रमाणे परतलं. शेवटी तिला चमच्यापुरतंच जायचं. पण मी शेवटची भेटले तेव्हासुद्धा तिनं आधी माझ्या हातातल्या ग्लासाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "वहिनी, घड्याळ पाहू नका... घ्या." मी घेतलं. घड्याळ पाहिलं नाही.

तर तुम्ही काय करायचं, ते असं. सफरचंदं आणाल तेव्हा रस उकळा, संत्र्याला लवंगा टोचा, दूध घालू नका, आणि शेजारच्या एखाद्या माणसाला बोलावून आधी त्याचा कप भरा. मागच्या आठवड्यात मी अकोल्याला गेले होते. गल्लीत एका घरी आजारपण आहे, तिकडे दोघी जणी निघाल्या होत्या. पिशवीत सफरचंदं होती आणि त्यांच्यावर दालचिनीची पुडी होती. गंज वर्षाच्या ओट्यावर आहे. माळ्यावर गेलेला नाही. मी पोचले तेव्हा तो गरम होता.